आईच्या भांड्याखालची चिकटपट्टी

प्लिमथ, मिनेसोटा
ऑक्टोबर २००२, मंगळवार

आदरणीय आर्डिसताई हिला,

धाकट्या भावाचा, गुडघा जेवढं वाकू देतो तेवढं वाकून, नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे तक्रार करण्यासारखं बरंच आहे पण करत नाही, असे ठीक. तुझी कंबर कशी आहे? लोवेल भावोजींची साखर? पत्रात तू 'छान चाललंय' असं लिहिलंस, त्यावरून दोन्ही वाढलेलं असणार असा मी अंदाज केला. (आपल्याकडे ज्याचं खरंच बरं असतं तो 'फार वाईट नाही' म्हणतो. 'छान' हा शब्द आपल्या घरात मी फक्त दवाखान्यात ऐकला आहे.) आमची जॉयस नमस्कार सांगते. बर्फ अजून पडलेला नाही, पण हवा चांगली आहे म्हणून कोणी खूश नाही. या सगळ्याची भरपाई जानेवारीत करावी लागणार, असं शेजारचा रोज कुंपणापाशी येऊन सांगून जातो, आणि त्याने त्यालाही बरं वाटतं आणि मलाही.

तुझं पत्र पोचलं. शनिवारी लुटफिस्कचं, त्या थुलथुलीत माशाचं, जेवण, त्याआधी सकाळी चर्चच्या स्वयंपाकघरातलं कपाट आवरायचं, आणि आईच्या भांड्यांखालच्या तिच्या नावाच्या चिकटपट्ट्या काढून कार्लाच्या नावाच्या लावायच्या, असं तू लिहिलंस. कार्ला तुझी सून आहे, गुणी आहे. (ओव्हनमधल्या खिमा-बटाट्याच्या हॉटडिशमध्ये मिरी घालते, पण वय लहान आहे, सुधारेल.) भांडी वापरात राहायला हवीत, नुसती कपाटात ठेवून काय करायची, हेही तुझं बरोबर. माझी काहीच हरकत नाही. तेवढंच कळवायला कागद घेतला. आता घेतलाच आहे तर इकडची हकिगतही लिहितो, कारण गेल्या महिन्यात माझ्यावर जे ओढवलं ते कोणाला तरी सांगायला हवं, आणि जॉयसचं दोनदा ऐकून झालं आहे.

दर नाताळला तू विचारतेस, 'ऑरिन, तू नक्की काम काय करतोस?' आणि दर नाताळला मी 'कॉम्प्युटरचं' म्हणून उकडलेले बटाटे तुझ्याकडे सरकवतो. या वेळी सांगतो, कारण त्याशिवाय पुढची फजिती कळायची नाही. आपल्या चर्चच्या भांड्यांखाली कागदी पट्टीवर बाईचं नाव असतं. रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये (तेही आपल्याच लुथरन पंथाचं; आजोबांच्या काळात कशावरून तरी बिनसलं, आणि कशावरून ते आता कोणालाच आठवत नाही, त्यामुळे मिटवताही येत नाही) नावं चालत नाहीत, तिथे आकड्यांचे बिल्ले. दोन्ही चर्चचं एकत्र जेवण असलं की आपली भांडी त्यांच्या ओव्हनमध्ये जातात. मग मधल्या टेबलाशी एक बाई उभी करावी लागते. ती आपल्या भांड्याखालचं 'मिसेस हाउगेरुड' वाचते, त्यावर त्यांचा सात नंबरचा बिल्ला ठेवते आणि मनात धरते की सात म्हणजे हाउगेरुड. ओव्हनमधून सात नंबर बाहेर आला की बिल्ला काढून घेते आणि भांडं आईच्या हातात देते. आमची कंपनी जे यंत्र बनवते ते म्हणजे ही मधल्या टेबलाची बाई. एका बाजूला ऑफिसातले साधे कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला माहिती साठवायची मोठी कपाटं, आणि दोघांच्या रीती वेगळ्या. कॉम्प्युटर मागतो, 'अमुक दे', आणि त्या मागणीवर आपला लांबलचक आकडा टाकतो. कपाटांकडे आखूड आकडेच चालतात. यंत्राने लांब आकड्याच्या जागी आखूड घालायचा, कोणाचा कोणता ते लक्षात ठेवायचं, आणि उत्तर आलं की लांब आकडा परत चढवून ज्याचं त्याला पोचवायचं. बस, एवढंच. या एवढ्यापायी माझे केस गेले.

आता आखूड आकडे आखूड असल्यामुळे मोजकेच असतात, त्यामुळे एक काम झालं की तोच आकडा पुढच्याला द्यावा लागतो. आकडा मोकळा झाला हे कधी समजायचं, तो भाग माझ्याकडे होता. उत्तर आलं की मोकळा, हे सरळ आहे. पण कधीकधी मागणारा वाट पाहून कंटाळतो आणि म्हणतो, 'राहू दे, नको.' अशा वेळी आकडा काही काळ कोणालाच द्यायचा नाही, बाजूला ठेवायचा, असं नियमांत आहे. मला वाटलं, हे जुन्या संथ यंत्रांसाठी असेल. नको म्हटलं ना, मग संपलं. मी तो आकडा त्याच क्षणी पुढच्याच्या हातात ठेवला. आमच्याकडे एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचायचं अशी पद्धत आहे. ग्लेनिस माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, हुशार बाई, तिने ते वाचलं, कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाली, 'हं. वेगळं आहे.'

ताई, 'वेगळं आहे' म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको. नव्या पास्टरच्या बायकोने जेवणाला लसूण घातलेलं काहीतरी आणलं तेव्हा तूही हेच म्हणाली होतीस, आणि त्या बिचारीने ते भांडं पुन्हा कधी आणलं नाही. ग्लेनिसच्या तोंडून ते ऐकलं तेव्हाच मला काय ते कळलं. पण एकदा म्हटलेलं लगेच मनावर घेणं बरं दिसत नाही. कॉफीसुद्धा माणूस तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय घेत नाही. ती पुन्हा म्हणेल म्हणून मी थांबलो. मी 'म्हणजे काय?' असं विचारेन म्हणून ती थांबली. दोघंही एकमेकांचा मान राखत बसलो आणि तेवढ्यात यंत्र खोक्यात भरून गिऱ्हाइकाकडे गेलं. (कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांत म्हणे लोक एकमेकांना तोंडावर 'हे चुकलंय' म्हणतात. आमचा मालक वेंडेल एकदा जाऊन बघून आला. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही.)

गिऱ्हाईक म्हणजे टर्की पाळणाऱ्यांची सहकारी संस्था. त्यांच्याकडे दोन कॉम्प्युटर. एकावर कोणत्या शेडमधला पक्षी विकायचा आणि कोणता बाद करायचा त्याच्या नोंदी. दुसऱ्यावर संचालक मंडळाची नावं आणि वार्षिक भोजनाची आमंत्रणं. एका कॉम्प्युटरची मागणी रखडली, त्याने 'राहू दे' म्हटलं, मी त्याचा आकडा लगेच दुसऱ्याच्या मागणीला चिकटवला, आणि मग पहिल्याचं उत्तर उशिराने धापा टाकत आलं. यंत्राने आकडा पाहिला आणि ते उत्तर दुसऱ्याच्या पदरात टाकलं. गडबडीत उलटही झालं. परिणाम असा, की संस्थेचे अध्यक्ष मिलफर्ड क्योस, वय ऐंशीच्या पुढे, यांना संस्थेच्या कागदावर पत्र गेलं: वजन अपुरं, छाती बसलेली, पाय अधू, बाजारात पाठवण्यास अयोग्य, कळपातून वेगळे करावे. आणि उत्तरेकडच्या शेडमधल्या समस्त टर्कींना थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या भोजनाचं सपत्नीक आमंत्रण गेलं. पथ्य असल्यास आधी कळवावे, अशी खाली तळटीप होती.

मिलफर्डने स्वतः फोन केला. मी खुर्चीची कड धरून बसलो.

'ऑरिन, तक्रार करायची म्हणून फोन केलेला नाही बरं का,' तो म्हणाला. 'पत्र आलं. आमच्या हिला, एव्हलिनला, वाचून दाखवलं.'

'मिलफर्ड, मला फार वाईट वाटतंय.'

'अरे नाही नाही. ती म्हणाली, पायांचं तर बरोबरच लिहिलंय. मला फक्त विचारायचं होतं, वेगळं करायचं म्हणजे मला नेणार कुठे? तिला तिच्या बहिणीकडे जायचंय, त्या बेताने ठरवता येईल.'

माणूस सोन्यासारखा. पण त्यांच्या मंडळात एक तरुण संचालक आहे, शहरात शिकून आलेला, तो काही सोन्यासारखा नाही. त्याने वेंडेलला कळवलं की महिनाअखेर दोष सापडला नाही तर यंत्र परत. वेंडेल मला बाहेर गाडीपाशी घेऊन गेला (ऑफिसात वाईट बोलायचं नाही अशी त्याची रीत) आणि म्हणाला, 'तेवढं एकच गिऱ्हाईक उरलंय रे. ते गेलं तर दुकान बंद.' मग बराच वेळ आम्ही दोघं त्याच्या गाडीच्या टायरकडे बघत उभे राहिलो. टायर चांगले होते. गेल्या वर्षापासून या धंद्याची जी अवस्था आहे त्यात माझ्यासारख्या टकल्याला आता कोण नोकरी देणार. वाणसामानाच्या दुकानात पिशव्या भरायला घेतील, पण तिथेही आधी गुडघे विचारतात. जॉयसला मी 'कामावर जरा वेगळं चाललंय' एवढंच सांगितलं. ती लगेच उठून तळघरातल्या साठवणीच्या बरण्या मोजायला गेली.

दोष काही सापडेना. आमच्या कामाच्या खोलीत यंत्र जोडलं की ते चर्चमधल्या गाणाऱ्या पोरांसारखं शहाणं वागायचं, कारण तिथे कोणाला कसलाच उशीर होत नव्हता. मी पडद्याकडे बघायचो, ग्लेनिस माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे बघितलं की ती कॉफीकडे बघायची. घरी येऊन मी जेवायचो आणि झोपायचो. आईनंतरचं सगळं वर्षच तसं गेलं आहे. फेब्रुवारीत ती गेली, जमीन गोठलेली म्हणून मातीत ठेवायला एप्रिल उजाडला, आणि त्या मधल्या काळात मला सारखं वाटायचं की अजून काही पक्कं झालेलं नाही. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. तू कपाटं आवरत होतीस.

मग गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. उघडतो तर लॉरेन ओपडाल. तुला आठवेल, रस्त्यापलीकडच्या चर्चची, आईबरोबर गोधड्या शिवायची. नाताळ झाल्यावर ती ॲरिझोनाला मुलीकडे गेली, मुलीचं ऑपरेशन निघालं म्हणून उन्हाळाभर तिकडेच राहिली, आणि आता मुलाकडे आली आहे, तो आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहतो. हातात आईचं निळं चौकोनी भांडं, वर फॉइल.

'तुझ्या आईचं भांडं ॲरिझोना बघून आलं रे,' ती म्हणाली. 'नाताळच्या जेवणानंतर माझ्या गाडीत आलं कसं देव जाणे. तिकडे धुवायला घेतलं तर खाली पट्टी. रिकामं कसं देणार, म्हणून रूबार्बच्या देठांच्या वड्या केल्यात. तिला म्हणावं, साखर तुझ्या हाताची घातलीय, माझ्या नाही.'

'आत या ना, कॉफी टाकतो.'

'नको रे, पोरगा गाडीत बसलाय. आई कशी आहे?'

तिला काहीच माहीत नव्हतं. (आपल्या चर्चची बातमी त्यांच्या चर्चला देवदूताने नेली तरच पोचते, आणि ॲरिझोनात देवदूतही जात नसावा, उकाडा फार.) दारात उभ्या माणसाला जे सांगता येतं ते मी सांगितलं. मग पायरीवर थोडा निरोप, अंगणात थोडा, गाडीच्या खिडकीपाशी बराच, असं करत ती गेली. मी भांडं घेऊन टेबलाशी बसलो, एक वडी खाल्ली. साखर खरंच आईच्या हाताची होती, म्हणजे नव्हतीच जवळजवळ. भांडं वर धरून तळ बघितला. ओव्हनमध्ये भाजून भाजून पट्टी तपकिरी झाली आहे, पण 'मिसेस ए. हाउगेरुड' स्पष्ट वाचता येतं, तो 'ह' ती ज्या ताठ्याने काढायची त्या ताठ्यासकट. मनात आलं, हे भांडं कपाटातच असतं आणि तू वसंतातच पट्टी बदलली असतीस तर? पुढे ते लॉरेनच्या हाती लागलं असतं, आईचंच म्हणून तिने त्यात वड्या भरल्या असत्या, आणि कोणीतरी पट्टी वाचून ते विश्वासाने कार्लाकडे नेऊन दिलं असतं. आईसाठी केलेल्या वड्या कार्लाने खाल्ल्या असत्या, आणि साखर कमी म्हणून वरून साखर घातली असती. मागणारी नाही म्हणून उत्तर यायचं थोडंच थांबतं. ते निघालेलं असतं, वाटेत असतं. दुसरी वडी माझ्या तोंडापाशी थांबली. जॉयस म्हणाली, 'आंबट आहे का?' मी म्हणालो, 'नाही, दोष सापडला.'

सोमवारी ग्लेनिसच्या टेबलाशी गेलो. म्हणालो, 'तो आकडा थोडा वेळ बाजूला ठेवायला हवा होता, नाही का?' ती म्हणाली, 'तसं केलं असतं तरी चाललं असतं.' (ताई, आमच्या खोलीत याहून मोठ्याने कोणी कधी ओरडलेलं नाही.) मग दोघांनी मिळून लिहिलं. आता कोणी 'राहू दे' म्हटलं की त्याचा आकडा फळीवर वेगळा जातो. त्याचं सुतकच म्हण. तेवढे दिवस तो कोणाला द्यायचा नाही. त्याच्या नावाने उशिरा काही आलं तर यंत्राने ते मुकाट्याने उतरवून घ्यायचं, भलत्याला द्यायचं नाही. वाट पाहून झाली, आता काही येत नाही अशी खात्री पटली, की मगच तो आकडा नव्याला. यंत्र थोडं सावकाश चालतं. सहकारी संस्थेला चालतंय. मिलफर्डचा फोन आला, आता त्याला वेगळं करणार नाहीत हे कळल्यावर आवाज जरासा पडलेला वाटला.

तर असं सगळं ठीक झालं. भावोजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, कार्लाला सांग की मिरी सोडून बाकी सगळं मला आवडतं. पट्ट्यांबद्दल वर लिहिलंच आहे, हरकत नाही. उत्तराची घाई नाही; तुझं सवडीने येऊ दे, मी आहे.

तुझा धाकटा भाऊ,
ऑरिन

ता. क. – 'सगळं ठीक झालं' ते यंत्राबद्दल होतं. शुक्रवारी वेंडेलने सगळ्यांसाठी डोनट आणले, तेव्हाच आम्ही ओळखलं. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने आमचं दुकान घेतलं. त्यांना यंत्र हवंय, माणसं नकोत. थँक्सगिव्हिंगपर्यंत आहे मी. ग्लेनिसने मला तिच्या वाटणीचा डोनट दिला, आणि तो मी तिने दुसऱ्यांदा विचारताच घेतला, इतका मी खचलो होतो. जॉयसला सांगितलंय. तू सध्या कोणाला सांगू नकोस.

आणखी एक – हरकत नाही असं दोनदा लिहिलंय. ते तू तिसऱ्यांदा विचारशील या आशेवर होतं. पण पत्रात तू विचारणार कशी, म्हणून न विचारताच सांगतो. हरकत आहे. कार्लाला नवीन भांडी मी घेऊन देतो. आईच्या भांड्यांखालची पट्टी एवढ्यात काढू नकोस.

शेवटचं, आणि खरं – लॉरेनला मी सांगितलं नाही. 'आई कशी आहे?' म्हणाली, तिच्या तोंडावर इतका आनंद होता, की मी म्हणालो, 'तिची काही तक्रार नाही.' ती म्हणाली, 'कधीच नव्हती. सांग तिला, पुढल्या शनिवारी लुटफिस्कला येते, स्वयंपाकघरातच भेटू.' मी म्हणालो, 'सांगतो.' तिचा मुलगा गाडीतून माझ्याकडे बघत होता, त्यालाही माहीत नसावं. आता शनिवारी ती येईल, सरळ स्वयंपाकघरात जाईल, कपाट उघडेल. तिथे कार्लाचं नाव दिसलं तर तिला ते पट्टीवरून कळेल, आणि तसं कळू नये. तू तिला दारातच गाठ, कॉफी दे, बसव, आणि तू सांग. माझ्याच्याने होणार नाही, मी पुन्हा 'तक्रार नाही'च म्हणेन. पण ताई, शनिवारच्या आधी फोन करून सांगू नकोस. तेवढ्या चार दिवसांपुरती एका माणसाच्या लेखी आई अजून त्या स्वयंपाकघरात उभी आहे. मला त्याचा फार आधार वाटतो.

निळं भांडं मी शनिवारी घेऊन येतो. रिकामं आणत नाही, जॉयसने काहीतरी केलंय. रिकामं झालं की हातानेच धू, आणि तळ पाण्यात भिजत ठेवू नकोस. पट्टी सुटायला आली आहे.